एक्केचाळिसावं पान

छापखान्यात रद्दी कधी फेकत नसत. चुकलेली प्रुफं, तिरके छापले गेलेले कागद, शाई जास्त लागून काळवंडलेले ताव, सगळं मशीनशेजारच्या फळीवर रचून ठेवायचं. गिऱ्हाइकाचं काम तयार झालं की शंभर-शंभराचे गठ्ठे करायचे आणि याच रद्दीत गुंडाळून, सुतळी बांधून द्यायचे. त्या काळी नाशकात कुणाकडे लग्नपत्रिका आल्या, तर त्या कुणाच्या तरी दशक्रियेच्या कागदात नाहीतर एखाद्या शाळेच्या सहामाही पेपरात गुंडाळलेल्या असायच्या. कुणी बघत नसे. गठ्ठा सुटला की वरचा कागद चुलीत जायचा.

माझ्या आयुष्यात लपवण्यासारखी एकच गोष्ट होती, ती मी त्या रद्दीत लपवली. कुणी बघत नाही म्हणून.

मी परभणीच्या खालच्या अंगाचा. आमच्या गावापासून दोन कोसांवर गंगा आहे, म्हणजे गोदावरी. तिला वरपासून खालपर्यंत सगळे गंगाच म्हणतात. बहात्तर साली त्या गंगेची नुसती वाळू झाली. मी सातवीत होतो. शाळेला कुलूप लागलं असं नाही, पोरंच खडी फोडायला गेली, आणि मग मास्तरांनाही तिथंच हजेरी घ्यायला बसवलं. वर्गातली हजेरी आणि कामावरची हजेरी एकाच आवाजात. पुन्हा शाळेत जाणं झालं नाही.

पाण्यासाठी वाळूत झिरे खणायचो. आधी हातभर, मग दोन हात, मग छातीइतकं. तळाशी ओल दिसली की थांबायचं. पाझरून वाटीभर झालं की उचलायचं. घाई केली की कड ढासळते आणि सगळं पुन्हा. आई म्हणायची, पाण्याला घाबरवू नको. मी आजही घरात दोन ठिकाणी पाणी भरून ठेवतो आणि बाहेर निघताना दोन्हीकडे बघून निघतो. बायकापोरं नाहीत, त्यामुळे हसायलाही कुणी नाही.

दोन वर्षांनी एका मुकादमाबरोबर कालव्याच्या कामाला नाशिककडे आलो. तापानं पडलो. मुकादमानं मला भद्रकालीतल्या एका छापखान्याच्या ओट्यावर बसवलं आणि तो निघून गेला. छापखान्याचे मालक बाहेर आले, कपाळाला हात लावून बघितला, आत घेतलं. ताप उतरल्यावर विचारलं, वाचता येतं का. म्हटलं, येतं, पण हळू. ते म्हणाले, हळूच पाहिजे, घाईवाले खूप आले नि गेले. त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणायचे. काकूंनी त्या दिवसापासून माझं ताट वाढलं, ते शेवटपर्यंत. या दोघांचे उपकार मी लिहून संपवू शकत नाही, आणि पुढचं जे घडलं ते मालकांच्या चांगुलपणानंच घडलं, हेही तितकंच खरं.

मी खिळे जुळवायला शिकलो. खिळे जुळवणाऱ्याला जुना शब्द जुळारी. एका हातात पट्टी, दुसऱ्या हातानं केसच्या, म्हणजे खिळ्यांच्या लाकडी मांडणीच्या, खणांतून एकेक शिशाचं अक्षर उचलायचं, उलटं, उजवीकडून डावीकडे वाचल्यासारखं. सातवीतून सुटलेल्या माणसाला दोन वर्षांत उलटं वाचणं सुलट्यापेक्षा सोपं जायला लागलं. पान जुळलं की शाई लावून ओल्या कागदावर त्याचा ठसा काढायचा, ते प्रूफ. काम छापून झालं की तेच खिळे सोडवून पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात. आमच्याकडे खिळे कमी होते. एक पान मोडल्याशिवाय दुसरं जुळत नसे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं, मी विशीत पोचलो होतो, तेव्हा तो प्रुफं तपासायला आला. त्याचं नाव मी लिहिणार नाही. पिंपळगाव बसवंतचा, घरची द्राक्षबाग, धाकटा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. सकाळी कॉलेज, दुपारी छापखाना. माझ्या चुकांना तो लाल शाईनं गोल करायचा आणि गोलाला दोन डोळे, एक तोंड काढायचा. जास्त चुका असल्या की तोंड रडकं. आमचे मशीनवाले चाचा भद्रकालीतच वाढलेले, ट्रेडल मशीनवर पाय मारत मला म्हणायचे, "ए परभणी, तेरा इन्स्पेक्टर आया. आज हसरे कितने, रोते कितने?" मी मोजून सांगायचो. कुणीतरी आपलं काम इतकं बारकाईनं बघतंय याचं मला आधी भय वाटलं आणि मग सवय लागली.

त्याच पावसाळ्यात आकाशातून एक भलंमोठं यान पडणार अशी बातमी उठली. कुठं पडणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणजे आमच्यावरच. लोकांनी कोंबड्या कापल्या. सिन्नरकडचा एक गृहस्थ मुहूर्त नसताना मुलीचं लग्न उरकायला निघाला आणि पत्रिका परवापर्यंत पाहिजेत म्हणून ओट्यावर ठाण मांडून बसला. चाचा त्याला म्हणाले, परवा आपणच नसू, तर वाटायच्या कुणाला. तो बिचारा खरंच विचारात पडला.

दुपारी दोन ते तीन मालक घरी जाऊन पडत, चाचा नमाजाला जात. छापखान्यात आम्ही दोघंच असायचो. त्या दुपारी तो माझ्या केसला टेकून म्हणाला, "समज, पडलं. सगळं गेलं. तू नि मी तेवढे राहिलो. काय करशील?"

मी विचार न करता म्हणालो, "आधी झिरा खणीन."

तो हसला. मग हसायचा थांबला. "आणि मग?"

"मग तुला पाजीन."

यान लांब कुठंतरी पडलं. आमची गोष्ट मात्र त्या दुपारी सुरू झाली. तो कॉलेजच्या वहीत एक कादंबरी लिहायचा, मी दोन ते तीनच्या तासात जुळवायचो. छापल्याशिवाय मला ते खरं वाटत नाही, असं तो म्हणायचा. एक पान जुळवायचं, एकच प्रूफ काढायचं, तो ते तपासणार, खाली लाल शाईनं "छापा" असं लिहिणार, आणि मी लगेच खिळे सोडवून खणांत टाकणार. तीन वाजता मालक येईपर्यंत काही शिल्लक नाही. अख्ख्या जगात त्या कादंबरीची छापलेली एकच प्रत, ओल्या कागदावरची, आणि ती रद्दीच्या फळीवर, खालून तिसऱ्या थरात.

कादंबरीत जग उन्हानं संपतं. नाशिक ओस पडतं. उरतात दोघं, एक जुळारी आणि एक वाच्या, म्हणजे प्रुफं वाचणारा; नावं त्यानं दिलीच नाहीत, म्हणाला, दोनच माणसं असली तर नावं कशाला. दोघं पांडवलेण्यांत राहायला जातात, कारण तिथं खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं आहे. टाक्यातलं पाणी रोज बोटभर खाली जातं. शेवटी ठरवतात, कोरड्या गंगेच्या पात्रातून वर वर चालत त्र्यंबकला जायचं, जिथून ती निघते. कुठं नाही तरी तिथं असेल.

भाषा त्याची होती. जगणं माझं होतं. त्यानं लिहिलं, दोघं आंबे खाऊन राहिले. मी म्हटलं, तसल्या वर्षी आंब्याला मोहोरही येत नाही, उंबरं खातात, तरवट्याचा पाला शिजवतात, आणि पहिले आठ दिवस पोट दुखतं. त्यानं तसं केलं. तहानेनं जीभ कशी होते, ते विचारलं. सांगितलं. मेलेल्या गुराला कोण आधी शोधतं, कावळा की कुत्रं. सांगितलं. नाशकात येऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण त्या दुष्काळाबद्दल मला कुणी काही विचारलं नव्हतं. इथं वर गंगेला पाणी होतं. तो विचारायचा, डोळे बारीक करून ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी ते मला वाचायला मिळायचं, माझ्याच हातांनी, उलटं. माझी उपासमार कुणाच्या तरी कामाला आली, याचं मला फार अप्रूप वाटे.

रविवारी आम्ही बसनं पांडवलेण्यांच्या पायथ्याशी उतरायचो आणि वर जायचो. कादंबरीसाठी बघायचंय, असं एकमेकांना सांगायचो. एकदा टाक्याच्या कडेला वाकून मी पाण्यात हात घातला, पाणी बर्फासारखं होतं, आणि त्यानं पाण्यातच माझ्या हातावर हात ठेवला. बराच वेळ. वर आणला तेव्हा दोघांची बोटं पांढरी पडली होती. माझ्या नखांतली शाई तेवढी काळी. उतरताना पायऱ्यांवर भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या आणि कादंबरीतल्या दोघांना चप्पल कुठून मिळणार यावर वाद घातला.

माघात द्राक्षं उतरायला लागली तेव्हा तो मला एका रविवारी घरी घेऊन गेला. वडील बागेत होते, मोठा भाऊ टेम्पोबरोबर गेलेला. वहिनीनं जेवायला वाढलं. तिशीच्या आतली बाई, बोलायला मोकळी. माझी नखं बघून म्हणाली, भाऊ, हात धुवा की आधी. म्हटलं, धुतलेत वहिनी, हे जात नाही, रॉकेलनंही नाही. ती म्हणाली, मग तुम्हाला कुणी चोरीत धरलं तर लगेच सापडाल. सगळे हसलो. तोही हसला. मला ते घर आवडलं, हेच वाईट. मोठं अंगण, बाजेवर वाळत घातलेले बेदाणे, त्याला हाक मारणारी चार माणसं.

परत आल्यावर त्यानं एक्केचाळिसावं पान लिहिलं. मला वही देऊन तो प्रुफं घ्यायच्या निमित्तानं बाहेर निघून गेला. जुळाऱ्याला पान आधी वाचायची सवय नसते. तो एकेक शब्द उचलतो. त्यामुळे मला ते एकेका अक्षरानं कळलं. कोरड्या पात्रातली संध्याकाळ होती. लिहिलं होतं: जुळाऱ्याच्या नखांत अजून शाई होती. जगातली सगळी छापलेली अक्षरं जळून गेली, तेवढी शाई उरली होती. वाच्यानं ती बोटं ओठांना लावली आणि म्हणाला, जग राहिलं असतं तर हे मी तुला कधीच सांगितलं नसतं.

तो परत आला तोवर मी प्रूफ काढलं होतं. त्यानं तपासलं. एकही गोल नव्हता. खाली लाल शाईनं "छापा" लिहिलं आणि पेन टेबलावर ठेवलं. मी रॉकेलच्या बोळ्यानं हात पुसत होतो. त्यानं बोळा माझ्या हातातून घेतला आणि माझं एकेक बोट पुसलं, दाराकडे लक्ष ठेवून. तीन वाजायला आले होते.

त्यानंतरचा महिना मी आनंदात होतो असं म्हणायला हवं, पण माझा आनंद हा नेहमी भयासारखाच दिसतो. रोज वाटायचं, आज काहीतरी होणार. बेचाळिसावं पान अर्धं जुळवून, पहिल्यांदाच न सोडवता, गॅलीवर, म्हणजे जुळलेला मजकूर ठेवायच्या पत्र्याच्या ताटावर, रद्दीखाली झाकून उभं होतं. शेवट काय करायचा यावर आमचं जमत नव्हतं. त्याला दोघांपैकी एक मरायला हवा होता, गोष्ट तशी खरी वाटते म्हणाला. मला दोघंही जिवंत हवे होते.

मग एका सोमवारी तो गावाहून आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ठरलं."

"कुणाचं?"

"माझं. वैशाखात."

खिशातून कागद काढून त्यानं केसवर ठेवला. लग्नपत्रिकेचा मजकूर होता. म्हणाला, तूच जुळव, दुसऱ्या कुणाच्या हातची नको. दोन्ही घरच्या नातेवाइकांची यादी लांबलचक होती. मी खण बघितले. एवढे खिळे नव्हते. गॅलीवर बेचाळिसावं पान उभं होतं. त्यानंही तिकडे बघितलं, मग खिडकीकडे.

त्या दिवशी मी जन्मात पहिल्यांदा कुणाकडे काही मागितलं. म्हटलं, त्र्यंबकला एक छापखाना आहे, पूजेच्या पावत्या छापतात, तिथं दोघांना काम मिळेल, एक खोली घेऊ, कुणी विचारणार नाही, विचारलं तर मामेभाऊ म्हणू. सगळं एका दमात बोललो. आधी कितीतरी दिवस मनात घोळवून ठेवलं होतं.

तो म्हणाला, "गोष्टीत सगळे मेलेत, म्हणून जमतं रे. इथं सगळे जिवंत आहेत."

मग म्हणाला, "आणि मला ते मेलेले नकोत."

मी बेचाळिसावं पान सोडवलं. त्याच अक्षरांतून त्याची पत्रिका जुळवली. त्याच्या नावाआधी चि. लावलं, तिच्या नावाआधी चि. सौ. कां. शेवटी घरच्या बारक्या पोरांच्या तोंडचं, आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं. प्रूफ त्यानंच तपासलं. चूक नव्हती.

पत्रिका छापून झाल्या त्या दिवशी मी कागद आणायला मेन रोडला गेलो होतो. परत आलो तर मालक घाम पुसत उभे. त्याचा भाऊ टेम्पो घेऊन आला होता, घाईत होता. आपल्याच पोराचं काम म्हणून मालकांनी चाचांना हात लावू दिला नाही, चष्मा घरी राहिलेला, तरी स्वतः बसून पाचही गठ्ठे बांधले. "वरच्या रद्दीला शाई फार होती," ते म्हणाले. "पत्रिका डागाळल्या असत्या. मी खालून चांगले कोरे-कोरे बघून घेतले."

मी फळीपाशी गेलो. खालून तिसरा थर. पानं मोजली. चाळीस होती. नवीन पान मी नेहमी सर्वांत वर ठेवायचो.

मालक माझ्या तोंडाकडे बघत राहिले. बरं नाही का, म्हणाले. काकूंकडे जा, काढा घे. मी गेलो. काढा घेतला. त्या बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मला वाटलं, उद्या कळलं की हाच हात.

चार दिवस मी प्रत्येक चपलेच्या आवाजाला दाराकडे बघत होतो. पेटी भरून ठेवली. तो लग्न होईपर्यंत येणार नव्हता, त्यामुळे त्याच्यावर काय गुदरलंय ते कळायला मार्ग नव्हता. वडिलांनी त्याला मारलं असेल. घरातून काढलं असेल. त्यातही, लिहायची लाज वाटते, पण एकदा मनात आलं की काढलं तर तो इथं येईल. मग त्या विचाराचीच भीती वाटली.

पाचव्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास वहिनी आली. एकटीच. मालक नुकतेच घरी गेले होते. बांगड्या भरायला म्हणून नाशिकला आले, म्हणाली. पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसली, पाणी मागितलं, प्यायली, आणि पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला.

"लाल अक्षर भाऊजींचं हाय," ती म्हणाली. "बाकीचं तुमच्या हातचं."

मी हो म्हणालो.

पत्रिकांना हळदकुंकू लावायला बायका बसल्या होत्या आणि गठ्ठा नेमका तिनं सोडला. सासूबाईंनी सोडला असता तर कागद सरळ चुलीत गेला असता, त्यांना वाचता येत नव्हतं. सासऱ्यांना येत होतं, आणि ते समोरच बाजेवर बसले होते. तिनं कागद ओटीत घातला आणि दिवसभर तसाच बाळगला. नखांतली शाई वाचली तेव्हाच कोण ते कळलं, म्हणाली. हे सगळं तिनं खालच्या आवाजात, रस्त्याकडे बघत सांगितलं. मी तिच्या पायांकडे बघत होतो.

"लग्नाला येऊ नका, भाऊ. मला राग नाय. पण तुम्ही मांडवात उभे राह्यले नि त्यांनी तुमच्याकडं बघितलं, तर मला आता समजंल. नि मला समजलं की समद्यांना समजंल. मला तोंड झाकता येत नाय."

"नाही येणार."

"नि मी हे वाचलं ते त्यांना सांगू नका. मी घरात त्यांच्या म्होरं ताट ठेवणार हाय रोज. त्या पोरीला बी त्यांच्यासंगं राह्यचंय. तिचं काय चुकलं?"

मी तेही कबूल केलं. आयुष्यभर ज्यानं जे मागितलं ते कबूल करत आलो, त्याशिवाय परक्या गावात राहता येत नाही. पण त्या दिवशी कबूल करताना मला वहिनीचा राग आला नाही. ती तो कागद सासऱ्यापुढे टाकू शकली असती. एवढ्या लांब बस बदलून तो माझा मला द्यायला आली होती.

ती उठली. पदर नीट केला. दोन पावलं गेली आणि वळली.

"पुढं काय होतं त्यांचं? पाणी मिळतं का?"

"मिळतं."

"दोघांला?"

"दोघांना."

"बरं," ती म्हणाली आणि बसस्टँडच्या दिशेनं गेली.

लग्नाला मालक आणि काकू गेले. माझ्या वतीनं मालकांनी ताप सांगितला. येताना काकूंनी बुंदीचे दोन लाडू पदराला बांधून आणले आणि म्हणाल्या, अक्षता पडेपर्यंत तो दाराकडेच बघत होता, कुणाची वाट बघत होता कोण जाणे. मी लाडू खाल्ले. अन्न टाकायचं नसतं, हे मला कुणी शिकवायला नको.

आता तो छापखाना राहिला नाही. पुढे ऑफसेट आलं, मालक गेले, काकूही गेल्या. मी सातपूरला एका बाइंडिंगच्या कारखान्यात लागलो. चाळीस पानं आणि हे एक, सगळी माझ्या पेटीत आहेत. एक्केचाळिसाव्याच्या कोपऱ्यावर हळदीच्या बोटाचा ठसा आहे. बाकी पानांची शाई फिकी झाली, ते बोट अजून पिवळं आहे.

लग्नानंतर त्यानं प्रुफांचं काम सोडलं, पण तो एकदा आला होता, तेवढं सांगायचं राहिलं. त्याच वर्षीचा आषाढ असेल. दारातून त्याचा आवाज आला आणि मी कागदाच्या रिमांमागे जाऊन उभा राहिलो. मालकांना खूण केली, नाही म्हणा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना काय कळलं होतं आणि काय नाही, हे मला कधीच समजलं नाही. बाहेर पाठवलाय, म्हणाले.

"बरा आहे का तो?" त्यानं विचारलं. "लग्नाला आला नाही. माझं काही चुकलं म्हणाला का?"

"बोलत नाही फार," मालक म्हणाले. "कामापुरतं."

रिमांच्या फटीतून मला त्याचे पाय दिसत होते. नवीन बूट होते. तो माझ्या केसपाशी आला, उभा राहिला, खणांतल्या खिळ्यांतून बोटं फिरवल्याचा आवाज आला. तीन पावलांचं अंतर होतं. पुढं होऊन एवढंच म्हणायचं होतं, तुझं काही चुकलं नाही. तेवढं म्हटलं असतं तर त्यानं का आला नाहीस विचारलं असतं, आणि त्याच्यापुढे मला खोटं बोलता येत नव्हतं. वहिनीला शब्द दिला होता. हे मी स्वतःला तेव्हा सांगितलं. नंतर कित्येक वर्षं दुसरंही सांगून बघितलं, की शब्द एक निमित्त होतं, मला भीती वाटली. दोन्ही खरं असावं. बूट वळले. पायऱ्या उतरल्याचा आवाज आला.

केसवर वही होती. त्यानं शेवट लिहून आणला होता. कुणीच मरत नव्हतं. सकाळी वाच्या उठतो तर जुळारी नाही. काही न बोलता निघून गेलेला. पाण्याचं भांडं अर्धं भरलेलं तसंच ठेवून गेलेला. वाच्या पात्रात उभा राहून हाक मारतो, एकदाच, आणि मग मुक्कामाच्या जागीच बसून राहतो.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी ते जुळवायला घेतलं. जुळाऱ्यानं मजकूर बदलायचा नसतो. समोर चूक दिसली तरी बदलायची नाही, तपासणारा बघून घेईल. हा मालकांनी शिकवलेला पहिला धडा. मी होतं तसं जुळवलं, अर्ध्या भांड्यासकट. पान संपलं. खाली थोडी जागा उरली. त्या जागेत मी माझ्या मनानं एक ओळ घातली, उभ्या आयुष्यात तेवढीच: वरच्या अंगाला, वाळूत, तो झिरा खणत बसला होता, घाई करत नव्हता.

प्रूफ काढलं नाही. तपासायला कुणी नव्हतं. शिशातलंच उलटं वाचलं, दोनदा. तेवढ्यात चाचा नमाजाहून आले. एका दशक्रियेचं काम अडलं होतं, त्यांना खिळे हवे होते. मी पान सोडवायला घेतलं, वरच्या ओळीपासून, एकेक अक्षर त्याच्या खणात. चाचा मशीनला तेल घालता घालता म्हणाले, "क्या खोल रहा है?"

"जुनं मॅटर आहे," मी म्हटलं.